पोटखराबा

पाटोद्याच्या पुढे, डांबर संपतं तिथे
गाडी आम्हाला सोडते साडेपाचला
आणि ड्रायव्हर सीट मागे पाडून झोपतो.

सर्वे नंबर एकशे बारा. चारशे एकर.
सातबाऱ्यावर एकच शब्द : पोटखराबा.
इथे सोलरच्या पाट्या येणार आहेत.
माझ्याकडे तीन दिवस, एक दुर्बीण, आणि एक फॉर्म :
प्रजाती. संख्या. ठिकाण. आढळली / नाही.

केरबा मासाळ पुढे चालतो,
काठी मानेवर आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकून.
मी मोबाईलवरच्या निळ्या रेषेवरून पाय ढळू देत नाही.
तो मागे वळून बघतो, हसतो.
"रेघंत मुंग्या चालत्यात बाई,
त्यास्नी कुठं जायचं ते ठावं असतंय."

फाल्गुन लागलाय. कुसळं मोज्यांतून आत शिरतात,
पवन्या वाळून तांबूस झालाय.
एक धाविक पळतो, थांबतो, पळतो,
थांबला की ढेकूळ होतो.
मी एक लिहिते. मग दोन. मग खोडते, कारण
दुसरं खरंच ढेकूळ होतं.

हिवराच्या बुडाशी वाळून पांढरी पडलेली विष्ठा.
काडीनं फोडते : हाडाचा चुरा, बोराची बी, केस.
केरबा केस चिमटीत धरून उजेडाकडे नेतो.
"ह्यो माझ्या बांडीचा. दिवाळीच्या वक्ताला गेली."
आवाजात राग नाही.
उसनं दिलेलं भांडं शेजारच्या घरात दिसावं, तसा.

*

दोन वर्षांपूर्वी भूमच्या अंगाला
पवनचक्क्यांसाठी असाच माळ चालले होते मी.
मे महिना. दोन दिवस मिळालेले.
तणमोर पावसाळ्यात येतो,
गवतातून पुरुषभर उंच उडी घेतो,
बेडकासारखं टरटरतो आणि पुन्हा गवत होतो.
मी 'नाही' लिहिलं.
ते खरं होतं. ऊन होतं, गवत नव्हतं, तो नव्हता.
आता तिथे रात्री लाल दिवे लुकलुकतात
आणि माझं खरं अजून खरंच आहे,
फाईलीत, सहीसकट.

*

तिसऱ्या दिवशी ओघळीच्या काठाला
केरबा एकदम खाली बसतो, मलाही बसवतो.
समोरून ती येते.
बरगड्या मोजता याव्यात इतकी रोड,
पण पोटाखाली आचळं लोंबतात, भरलेली.
एकदा आमच्याकडे बघते. आम्ही तिच्या हिशेबात नाही.
तरवडाच्या मागे, मातीच्या भोकात
ती मानेपर्यंत शिरते, मग शेपटीपर्यंत,
आणि जमिनीच्या आतून
चुंई चुंई असं काहीतरी येतं.

पोटखराबा, मी मनात म्हणते.

"हे लिव्हू नका," केरबा म्हणतो.
"लिव्हलं की कागद फुटतोय.
पोरं येत्याल, बिळात धूर करत्याल."
तंबाखू मळतो. बराच वेळ मळत राहतो.
"न्हाई लिव्हलं तर पाट्या येत्याल."
चिमूट ओठात धरतो.
"तुमी शिकलेल्या हाव. बगा."

ऑफिसचा फोन आधीच येऊन गेलाय :
मॅडम, उद्यापर्यंत पाठवा,
अक्षांश-रेखांश सहा आकड्यांपर्यंत लागतात.

पेन्सिलीला टोक नाही. ब्लेडनं काढते, मोडतं,
पुन्हा काढते.
प्रजाती : लांडगा.
संख्या : मादी एक. पिल्लं ऐकली, मोजली नाहीत.
ठिकाण :
इथे माझा हात थांबतो.
मग लिहिते, सर्वे नंबर एकशे बारा, सगळा.

हे परत येणार, मला माहीत आहे,
लाल शाईत, 'नेमके नमूद करा' म्हणून.
तेव्हाही हेच लिहीन का, ते मला माहीत नाही.

गाडीपाशी ड्रायव्हर डोळे चोळत विचारतो,
"काय घावलं का?"
केरबा काठी मानेवर टाकतो,
मेंढरांकडे बघत ओठांनी मोजतो, एक आकडा गिळतो.
"काय न्हाई बाबा," म्हणतो. "माळ हाय निस्ता."